अप्पांचा चौथा कागद

गेल्या महिन्यात नांदेडला आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला मोबाइलवर एका कागदाचा फोटो दाखवला. त्या पोलंडला मुलाकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, "काका, हे वाचून बघा बरं. लई कामाचं हाय. लातूरचे कुणी अप्पा होते म्हणे, त्यांनी लिहिलेलं."

कितीतरी मोबाइलांतून फिरून त्या फोटोतली अक्षरं मळल्यासारखी झाली होती. पण मला वाचायची गरज नव्हती. तो कागद मीच टाइप केला होता. खाली अप्पांचं नाव होतं. बाईंचं बोट शेवटच्या परिच्छेदावर थांबलं. 'औषधं, चष्मे, झेरॉक्स, खाण्याचे डबे सगळं मोठ्या बॅगेत टाका. विमानतळावर हात मोकळे ठेवा.'

"हे मला पटलं," त्या म्हणाल्या.

हे वाक्य अप्पांचं नाही. माझं आहे. तेवढं मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायला लावल्या. त्या म्हणाल्या, "मग यांचं नाव कसं खाली?" मी काहीतरी पुटपुटून घरी आलो. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. आणखी किती दिवस पुटपुटणार?

अप्पा लातूरला आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी गणित. मूळचे उदगीरचे, व्यापारी घरातले. भाऊ किराणा दुकान सांभाळायचे. हे कधी गल्ल्यावर बसले नाहीत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. निळ्यानं ऐकलेलं लिहायचं, लाल पेनानं पडताळून पाहिलेलं. नको म्हणायचं असेल तर 'बेडा' म्हणायचे, हे उदगीरकडचं कानडी. चहाला बेडा, मोटारसायकलवर मागं बसायला बेडा, सत्काराला तर दोनदा बेडा.

सगळ्या जगाचा भूगोल पाठ असलेला हा माणूस बिदरच्या पुढं कधी गेला नव्हता. कारण साधं होतं. एसटीत बसलं की त्यांना उलट्या व्हायच्या. बिलोलीला पुतणीच्या लग्नाला गेले तर अक्षता पडेपर्यंत मांडवामागं पडून होते. पासपोर्ट नव्हता. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "तुमी जाऊन या की. मी हितं बसतो. कुणीतरी बसाया पायजे."

निवृत्तीनंतर ते खरोखरच बसले. घराच्या ओट्यावर संध्याकाळी सतरंजी पडायची. आमच्या पिढीची मुलं तेव्हा एकेक करून परदेशी स्थिरावत होती आणि आईबापांना बोलावणी येत होती. धोतर-लुगड्यातल्या माणसांना विमानात बसायची मोठी धास्ती. ती सगळी अप्पांकडे यायची. अप्पा विमानतळावरच्या तपासणीसारखा चहाचा रिकामा ट्रे पुढं करायचे. "हं, काढा घड्याळ. कंबरपट्टा. किल्ल्या. वहिनी, बांगड्या राहू द्या, पर वाजलं तर घाबरू नका." मग स्वतः खुर्चीवर ताठ बसून अधिकारी व्हायचे. "का आलाव आमच्या देशात?"

"नातू झालाय," समोरचे आजोबा लाजत सांगायचे.

"कधी झाला, कुणावर गेला, पेढे वाटले का, हे सांगू नका. विचारलं तेवढंच आन् खरं तेवढंच. पुन्यांदा. का आलाव?"

लोक हसायचे, पण शिकायचे. त्यांचा एक इशारा मला अजून आठवतो. "तिथं नळाला रोज पाणी येतं. चोवीस तास. पिण्याचं बी तेच. जावयाच्या बाथरूमात बादल्या, पिंप भरून मांडू नका." आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे कुणाला खरं वाटेना. एक म्हातारी म्हणाली, "मग तिथली बायामाणसं करतेत तरी काय दिवसभर?"

हे सगळं त्यांना कळायचं कुठून? परत आलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारायचे. फोटो दाखवायला लागला की मोबाइल बाजूला ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या. तिथं लाज कुटं वाटली ते सांगा." माणूस आधी टाळायचा, मग सांगायचा. चालत्या जिन्यावर पदर अडकला. शेजाऱ्याच्या दाराची बेल आपलीच समजून दाबली. बसमध्ये मोठ्यानं फोनवर बोललो आणि सगळी बस वळून बघायला लागली. अप्पा निळ्या पेनानं लिहून घ्यायचे. दुसऱ्यानं तेच सांगितलं की लाल. लोकांच्या लाजेतून त्यांनी युरोप गोळा केला होता.

मी जर्मनीला मुलाकडे तीन महिने राहून आलो होतो. आमच्या शाळेतला विमानात बसलेला पहिला मास्तर. मला वाटलं होतं, आता लोक मला विचारतील. अप्पांनी मलाही तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "कुठंच नाही." खरं म्हणजे एका सकाळी मुलाच्या इमारतीचं खालचं दार माझ्यामागं बंद झालं आणि कुठलं बटण दाबायचं ते न कळल्यानं मी दोन तास थंडीत घरातल्या चपलांवर उभा होतो. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि वहीत माझ्या नावापुढं निळ्या पेनानं लिहिलं, 'कुठंच नाही'. खरं लिहून घेतल्याचं भासवायला त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना खरं वाटलं नव्हतं. लोक पुढंही त्यांच्याकडेच जात राहिले. मी, जाऊन आलेला, सतरंजीच्या कडेला बसायचो.

हे सगळं सांगतो आहे ते पुढचं समजावं म्हणून. सबब म्हणून नाही.

नाना आमच्या दोघांचे मित्र. वीज खात्यातून निवृत्त झालेले, अबोल, अत्यंत भिडस्त. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ राहण्याची एक गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. त्यांच्या जावयाला लिथुआनियात नोकरी लागली. विल्नियस नावाचं शहर. लातुरात कुणी त्या देशाचं नाव ऐकलेलं नव्हतं. नाना ओट्यावर आले आणि म्हणाले, "अप्पा, हा देश हाय का खरंच?"

अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दीड महिना त्यांनी दुसरं काही केलं नाही. निलंग्याची एक मुलगी तिथं शिकून आली होती, तिला फोन करकरून बेजार केलं. आणि एके संध्याकाळी आम्हाला सांगितलं, "तिथं अग्नीला उग्निस म्हणतेत. धुराला दूमास. दाताला दान्तिस. आन् स्वप्नाला काय म्हणतेत माहिती हाय का? सापनास. सापनास, सर!" डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. एवढ्या लांब, बर्फात, कुणीतरी आपल्यासारखंच स्वप्न म्हणतं, याचं त्यांना फार वाटलं.

त्यांनी नानांसाठी हातानं चार कागद लिहिले. ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींना वाटलं, हे छापून ठेवलं तर युरोपात जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. माझ्याकडे संगणक होता. नानांनाही छापलेलाच कागद द्यायचा ठरलं आणि अप्पांनी हातानं लिहिलेले कागद मला दिले. म्हणाले, "जसं हाय तसं टाइप करा, सर."

पहिल्या तीन कागदांत बरंच होतं. कुणाच्या घरी फुलं न्यायची तर विषम न्या, सम संख्येची फुलं तिथं मयताला नेतात. उंबऱ्याच्या आतबाहेर उभं राहून हात मिळवू नका, आधी आत या. घरात जोडे काढा, हे आपल्यासारखंच. घरात शीळ घालू नका. कार्तिकात दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा रस्त्यानं चालताना कोटाला चमकणारा बिल्ला लावा, नाहीतर गाडीवाल्याला तुम्ही दिसणार नाही. जेवणात गुलाबी सार आलं तर घाबरू नका, बीट आहे. अडचण आली तर एकशे बारा. लोक हसत नाहीत याचा अर्थ रागावलेत असा नाही.

चौथा कागद असा होता. त्याची टाइप केलेली प्रत माझ्यासमोर आहे, त्यातलं अक्षर न अक्षर उतरवतो.

'गोळ्या. नाना, तुमच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग तुमच्याच विमानानं येईल असं नाही. गोळ्या सोडवून डबीत भरू नका, पाकिटासकट न्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तीत कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचं नाव तिथं कुणाला कळत नाही. तिथला मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय अशी गोळी देत नाही, ओळख काढली तरी देत नाही. आता शेवटचं. आपण लेकीच्या घरी गेलो की जावयाला काही सांगायला लाजतो. आपल्या पिढीची ही सवय आहे. लातुरात लाजा. तिथं काही हरवलं, दुखलं, संपलं तर पहिल्या तासात जावयाला सांगा. नाना, हे तुमच्यासाठी लिहितो आहे, कारण तुम्ही सांगणार नाही हे मला ठाऊक आहे.'

एका कागदाच्या दोन्ही बाजूंना बसेल एवढंच छापायचं ठरलं होतं. तीन कागद बसले, खाली थोडी जागा उरली. चौथा बसवायला अक्षर बारीक करावं लागलं असतं, एवढंच. मी स्वतःला सांगितलं, हे फार खाजगी आहे, नानांचं नाव आहे, जावयाबद्दलचं वाचून लोक हसतील. खरं कारण वेगळं होतं. उरलेल्या जागेत मला माझं लिहायचं होतं. मी जाऊन आलो होतो ना! जर्मनीला जाताना माझ्या खांद्याला पिशवी होती आणि तिनं मला त्रास झाला होता. म्हणून मी तो परिच्छेद लिहिला. 'हात मोकळे ठेवा.' खाली अप्पांचं नाव होतं ते तसंच ठेवलं, कारण माझं नाव घातलं असतं तर अप्पांनी विचारलं असतं.

अप्पांनी छापलेला कागद वाचला नाही. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्याला हिरवी पट्टी होती. त्यांनी कागद हातानं चाचपला आणि म्हणाले, "सर, एवढ्यात बसलं का सगळं?"

"बसलं," मी म्हणालो.

नानांनी तो कागद देवाच्या पोथीसारखा पाळला. गोळ्या पाकिटांतून सोडवून आपल्या मनानं डबीत भरल्या आणि कागदात सांगितल्याप्रमाणे डबी मोठ्या बॅगेत टाकली. हैदराबादहून निघाले, मध्ये विमान बदललं, आणि विल्नियसला नवराबायको दोघं उतरली तेव्हा बॅग आली नाही.

पुढचं मला वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं सांगितलं. बॅग आली नाही हे लेकीजावयाला कळलं होतं, गोळ्या तिच्यातच आहेत हे नाही. नाना म्हणाले, उद्या येईल बॅग, पहिल्याच दिवशी जावयाला कामाला लावायचं का? दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, मी सांगते. नानांनी शपथ घातली. तिसऱ्या दिवशी जावई कामावर गेल्यावर दोघं हळूच खाली उतरून मेडिकलचं दुकान शोधत गेली. नानांनी कागदावर गोळीचं आपल्याकडचं नाव लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, फार मऊपणानं मान हलवली, पाणी दिलं आणि काहीतरी समजावलं. ते दोघांनाही कळलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी नाना बाथरूममध्ये पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकल्यानं झालं असणार. पाच आठवड्यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून परत आणलं. दीड वर्ष ते खाटेवर होते, नुसते डोळे हलवत. मग गेले.

लातूर एवढं मोठं होऊन बसलंय, पण बोलायला लागलं की खेडंच आहे. गंजगोलाईच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर माझ्यादेखत एक जण म्हणाला, "अप्पानं फुलं मोजायला शिकविलं, गोळ्या ठिवायला न्हाई शिकविलं." दुसरा म्हणाला, "कधी बिदरच्या पुढं गेला न्हाई आन् लोकांला दुनिया दाखवायला निघाला." लोक हसले. मी चहा संपवला.

आणि मग अप्पा माझ्या घरी आले. एप्रिलमधली दुपार होती. चपला दारातच ठेवून ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"सर, एक विचारू का?"

"विचारा की."

"गोळ्याचं मी लिव्हलं हुतं ना? छापलेल्यात तर मोठ्या बॅगेत टाका म्हणून हाय, तसं मी कसं लिव्हलं असंल?"

तेच पुढं म्हणाले, "चौथ्या कागदावर. माझ्या डोळ्यापुढं हाय बघा. 'लातुरात लाजा' असं लिव्हलं हुतं. लिव्हताना मलाच हसू आलतं. तुमी टाइप केलाव, तुमाला आठवत असंल."

ते माझ्यावर आळ घ्यायला आले नव्हते. मी कागद गाळला असेल, पदरचं काही घातलं असेल, असा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांना फक्त स्वतःबद्दल खात्री करून घ्यायची होती.

मी म्हणालो, "अप्पा, तीनच कागद होते."

"तीन?"

"तीनच."

"आन् ते मूळचे कागद?"

"रद्दीत गेले असतील."

कागद त्यांच्यापासून चार हातांवर कपाटात होते. अप्पांनी बोटांवर तीन मोजले, चौथं बोट उघडून पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "मग मी ते निस्तं मनात लिव्हलं असंल." उठताना त्यांनी माझ्याच खांद्याचा आधार घेतला.

सतरंजी दुसऱ्या दिवसापासून पडली नाही. ज्या माणसाला पस्तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक पाठ होते, तो आता गॅस बंद केला का हे बायकोला तीन-तीनदा विचारायला लागला. कुणी परदेशी निघालेला दाराशी आला तर आतूनच म्हणायचे, "बेडा. माझ्यावर भरवसा ठिवू नका. माझं डोकं गेलंय." शेवटी ते हैदराबादला गेले, डोकं तपासायला. बिलोलीला धड पोचायचे नाहीत ते अप्पा, आठ तास पिशवीत ओकत, डोक्याला ओला पंचा बांधून गेले. आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास तो. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं स्मरणशक्ती फार चांगली आहे, काहीही झालेलं नाही. मी विचारपूस करायला गेलो तेव्हा मला म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय, सर. त्यानं ते कागद कुटं बघितलेत? तुमी बघितलाव."

एवढं ऐकूनही मी बोललो नाही. त्या दिवशी मी बोललो असतो तर त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. बदल्यात माझी अब्रू गेली असती, बस्स. मी तो हिशोब केला आणि चहा बेडा म्हणून, त्यांच्याच भाषेत, उठून आलो.

पुढच्या हिवाळ्यात अप्पा गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मीही मूठभर टाकली. नंतर वर्षभरात लातूरचं घर विकून मी नांदेडला धाकट्या मुलाकडे राहायला आलो. हवापालट म्हणून आलो असं सगळ्यांना सांगितलं.

पोलंडला निघालेल्या बाईंपाशी पुटपुटून घरी आल्यावर मी चौथा कागद टाइप केला आणि त्यांना पाठवला. जिथं जिथं तो जुना फोटो गेला असेल तिथं पाठवा म्हणालो. मग सकाळची बस धरून लातूरला गेलो, मूळ कागद खिशात घालून, नानांच्या घरी, वहिनींकडे. अप्पांना सांगायची वेळ गेली होती. वहिनी होत्या.

त्या एकट्याच राहतात. शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, कपाटासकट. त्यांचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "वाचा तो कागद."

मी वाचला. 'नाना, हे तुमच्यासाठी लिहितो आहे' इथं आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

"म्हंजे यांचं नाव घेऊन लिव्हलं हुतं."

"हो."

"यांचा सभाव वळखून."

"हो, वहिनी."

त्यांनी आणखी मूठभर शेंगा सुपात ओतल्या. मग त्या म्हणाल्या, "अप्पा आल्ते माझ्याकडं. मे महिना हुता. भर उन्हात चालत आले. जाळीच्या दाराभाईर उभारले आन् म्हणले, वहिनी, चूक माझी हाय. मी दार उघडलं न्हाई. म्हणलं, तुमची शेखी मिरवता मिरवता माझा माणूस मुका केलाव. मान खाली घालून ऐकून घेतले समदं. मग म्हणले, थोडं पाणी द्या." त्यांनी सुपातली टरफलं एका बाजूला केली. "मी न्हाई म्हणले."

मला राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं. यात तुमचा काही दोष..."

"गप बसा तुमी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. "मला मोकळं करायला आलाव का? कुणी सांगितलं तुमाला?"

मी कागदाची घडी घालायला लागलो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला आणि स्वतःजवळ ठेवला.

"तुमी शिकलेले हाव. लिहून काढा. चार कागद हुते म्हणून लिहा. तुमी एक काढलाव म्हणून लिहा. त्यांनी तोंडानं इचारलं आन् तुमी तीनच म्हणलाव, ते लिहा. आन् त्या माणसानं पाणी मागितलं, मी दिलं न्हाई, ते बी लिहा. यांच्या बायकोनं दिलं न्हाई म्हणून लिहा."

"वहिनी, तुमचं कशाला..."

"ह्या टायमाला काई गाळू नका."